काहिलीतली शिदोरी

यज्ञेश्वर तेंडोलकरांना कुणाला नाही म्हणता येत नाही, असं त्यांच्या कचेरीत सगळे म्हणत आणि ते खरंही होतं. देवळाची वर्गणी असो, शिपायाची रजा असो, नाहीतर कुणाच्या मेव्हण्याच्या बदलीचं काम असो, तेंडोलकर तोंडावर नाही म्हणत नसत. पिराजी सनदीला मात्र गेल्या नऊ वर्षांत त्यांनी जेवणाच्या बाबतीत कितीतरी वेळा नाही म्हटलं होतं. तेही अशा खुबीनं, की आपल्याला नाही म्हटलं गेलंय हे पिराजीला दर वेळी घरी पोचल्यावर कळायचं.

दोघे कोल्हापुरात पाटबंधाऱ्याच्या एका कचेरीत होते. तेंडोलकर हेडक्लार्क आणि पिराजी ट्रेसर, म्हणजे इंजिनियरनं काढलेला नकाशा पातळ कागदावर जसाच्या तसा उतरवून घेणारा. तेंडोलकर मूळचे वेंगुर्ल्याकडचे, पण तीन पिढ्या कोल्हापुरात गेलेल्या. देवाची पूजा चुकवायची नाही आणि ताटातली मासळीही चुकवायची नाही, असं ते घराणं. पिराजीच्या बापानं छप्पन सालानंतर सगळ्या भावकीबरोबर बौद्ध धर्म घेतला, पण मुलाचं नाव त्याच्या कितीतरी आधी ठेवून झालं होतं, ते तसंच राहिलं. या दोघांना एकत्र आणलं ते गळानं. हिवाळ्यातला रविवार उजाडला की हे दोघे कुठल्या ना कुठल्या पाण्याच्या काठाला गळ टाकून बसलेले असायचे. मासा लागला तर आनंद, नाही लागला तर बायकोची बोलणी, एवढाच काय तो फरक.

दुपार झाली की तेंडोलकर आपला डबा उघडत. त्यांच्या पद्मजाबाईंच्या हातच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, कधी तळलेली सुरमई. त्यातलं अर्धं ते पिराजीच्या पुढ्यात ठेवत आणि आग्रह करकरून खायला लावत. पिराजी खायचा. मग पिराजीनं आपलं फडकं सोडलं, की तेंडोलकरांचं पित्त तरी खवळायचं, चतुर्थी तरी निघायची, नाहीतर पोट गच्च तरी झालेलं असायचं. पिराजीच्या धाकटीच्या बारशाला ते आले, चांदीची वाटी दिली, पाळण्याची दोरी ओढली आणि चहा आत्ताच घेऊन निघालो म्हणाले. हॉटेलात मात्र ते पिराजीच्या शेजारी बसून खुशाल चहा पीत. हॉटेलचा कप कुणाच्या घरचा नसतो.

पिराजीला हे खुपत नव्हतं असं नाही. पण माणूस वाईट नव्हता. थोरल्याला हायस्कुलात जागा मिळेना, तेव्हा हाच गृहस्थ दोन दिवस रजा टाकून पिराजीबरोबर शाळा-शाळा हिंडला होता. अशा माणसाला काय म्हणायचं ते पिराजीला ठरवता येत नव्हतं. चिमणाबाईला येत होतं.

चिमणाबाई ही पिराजीची बायको. अठ्ठ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत त्यांचं दोन खोल्यांचं घर बांधून पुरं झालं आणि मार्चमधल्या पहिल्या रविवारी घरभरणी ठरली. सकाळी बुद्धवंदना आणि मग शंभरएक माणसांची पंगत. कुणाकुणाला सांगायचं याची बोलणी चालली असताना तेंडोलकरांचं नाव निघालं, तशी चिमणाबाईनं हातातली भाकरी परातीत ठेवली.

"त्यास्नी बोलवा. पन जेवनार हाईत का?"

"जेवतील की."

"नऊ वर्सांत कवा जेवलं?"

पिराजी चुलीतलं लाकूड आत सारू लागला.

"माझी मानसं पंगतीला बसनार आनि तुमचं साहेब खुर्चीवर बसून सुपारी चघळनार. समदी बघनार. बारशाला सोसलं म्या. आता न्हाय सोसायची. ह्ये माझं घर हाय."

"मग काय करू? माझ्या घरचं खाता का म्हनून इचारू व्हय त्यास्नी?"

"इचारायचं कशापायी? रविवारी जाताय न्हवं मासं धरायला? ह्या खेपंला खायाप्यायचं माझ्या हातचं न्या. खाल्लं तर बोलवा, म्या सोता त्यांच्या पानात वाढीन. न्हाय खाल्लं तर सांगायचं न्हाय. कचेरीत मैत्री ठेवा, माझ्या पंगतीत नगं."

बायको असं तोडून बोलली की तिथं अपील नसतं, हे पिराजीला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलेलं होतं. शिवाय मनातून त्यालाही एकदा सोक्षमोक्ष हवाच होता. फक्त तो आपण होऊन लावायची त्याची छाती नव्हती.

योग असा, की त्या रविवारी काठावर बसायचंच नव्हतं. शाहूवाडीच्या वाटेवर, बांबवड्याच्या अलीकडं, बहात्तरच्या दुष्काळात खोदलेलं एक तळं होतं. त्याचा नकाशा पिराजीनंच उतरवलेला, त्यामुळं पाणी खोल कुठं आणि उथळ कुठं हे त्याला तोंडपाठ होतं. मोठा मासा मधल्या खोलात, आणि काठावरून टाकलेला गळ तिथवर पोचत नसे. तळ्याकाठी ज्ञानूचं गुऱ्हाळ होतं आणि त्याची एक जुनी काहील यंदा चुलवाणावर चढलीच नव्हती. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. दोन माणसं पाय पसरून समोरासमोर बसतील एवढी रुंद आणि गुडघाभर खोल. कोल्हापूरकडं नाव मिळाली नाही की माणसं काहीलच पाण्यात ढकलतात आणि नदी पार करतात. दोघं समोरासमोर बसले की ती नीट तरंगते. एकानं उभं राहायचं मनात आणलं, की दोघांनाही आंघोळ. तिच्यात दोन-दोन पिशव्या आणि दोन-दोन डबे न्यायची चैन चालत नाही.

"खान्याचं ह्या टायमाला माझ्याकडं, साहेब," पिराजीनं शुक्रवारी कचेरीत सांगून टाकलं. तेंडोलकर फायलीतून मान वर न काढता "हो हो, चालेल की" म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी दोघं चुलीपुढं बेत ठरवायला बसली. पोरीला दाखवायला आणतात तेव्हासुद्धा एवढा विचार होत नाही. चांगलंचुंगलं काय करायचं हा प्रश्नच नव्हता, नको म्हणायला जागा राहणार नाही असं काय, हा प्रश्न होता.

"सुकटीची चटणी आनि भाकरी," पिराजी म्हणाला. "साहेबास्नी सुकट म्हंजे जीव की परान."

"आनि ऐनवेळी कुनाची तरी तिथ निघाली म्हंजे?"

पिराजीनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. रविवारी ना चतुर्थी होती, ना एकादशी.

"क्यालेंडरात नसली म्हनून काय झालं? आजीची असंल, चुलत्याची असंल. मासं नगं, मटन नगं, अंडं नगं."

"मग भडंग लावून दे. चुरमुरं कुनास्नी नगं असत्यात?"

"चुरमुरं भट्टीचं, शेंगदानं दुकानाचं. माझं त्यात काय? कोरडं हाय म्हनून दोन घास टाकतील तोंडात आनि तुमी नाचत घरी याल. कोरडं चालतंय त्या लोकास्नी. पानी लागलेलं पायजे. माझ्या घागरीतलं."

"तिखटमिठाच्या पुऱ्या?"

"तळलेलं बी चालतंय."

"लाडू?"

"लाडू तर देवाला बी चालतोय."

"मग शेंगा उकडून दे. पान्यातच उकडत्यात की!"

चिमणाबाईनं नवऱ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "टरफलातल्या शेंगा. टरफल सोललं की आतला दाना सोवळा. ज्येला सालपट हाय त्ये कायबी नगं. केळं नगं, शेंग नगं, संत्रं नगं."

आपण नऊ वर्षं रोज त्या माणसाच्या शेजारच्या टेबलाला बसतो आणि हे सगळं आपल्या ध्यानात आलं नाही, आणि जिनं त्याला उभ्या जन्मात तीनदा पाहिलं तिला सगळं पाठ आहे, याचं पिराजीला नवल वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं, की हे तिला तेंडोलकरांमुळं नव्हे, तिच्या आईमुळं आणि आजीमुळं ठाऊक आहे.

शेवटी धपाटी ठरली. ज्वारी, गहू आणि हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, घरच्या पाण्यात मळलेलं आणि तव्यावर भाजलेलं. पित्ताची सबब नको म्हणून चिमणाबाईनं मिरची निम्मी केली. जिच्या चटणीनं सासऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं तिला हे फार जड गेलं. जोडीला दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी, तीही घट्ट, काहिलीत सांडणार नाही अशी.

मग पिण्याचं निघालं. पिराजीच्या मनात गोटीसोड्याच्या दोन बाटल्या होत्या, त्यावर चिमणाबाई नुसती हसली. ताक दुपारपर्यंत आंबलं असतं.

"आनि जास्त प्यायाचं काय नकोच," पिराजी म्हणाला. "काहिलीत उठता येत न्हाय. पोटात ताक आनि चहूकडं पानी, मानसाची काय दशा हुईल?"

"मग पान्याचा एक तांब्या आनि च्या. तानाबाईंचा थर्मास आनते मागून." तानाबाई शेजारच्या नर्सबाई. त्यांच्या थर्मासला वर टोपणाचा एकच पेला होता.

"पेला एकच हाय," पिराजी म्हणाला.

"म्हनूनच आनते."

"चिमने, मानसाला असं कोंडीत धरू नये. मधोमध पान्यात बसवायचं आनि म्हनायचं, खा. जाईल कुठं बिचारा?"

"नऊ वर्सं तुमी परीक्षा दिलीसा न्हवं?" ती पीठ चाळत म्हणाली. "एक दिस त्येनला देऊ द्या."

रविवारी मलकापूरच्या पहिल्या यष्टीनं दोघे निघाले. तेंडोलकरांनी बरोबर चार केळी आणली होती. ती पाहून पिराजीला बायकोची आठवण झाली. ज्ञानूनं काहील पाण्याकडं लोटायला हात लावला, वर एक फळकुट दिलं वल्हवायला, आणि "पावनं, हलू नगासा, बसल्या जागीच ऱ्हावा" असा एकुलता एक उपदेश केला. काहील आधी दोनदा गिरकली. तेंडोलकरांनी दोन्ही हातांनी कड धरून वेंगुर्ल्याच्या देवाचं नाव घेतलं. मग ती सरळ झाली आणि दोघं मधल्या खोल पाण्यावर आले. पिराजीनं दोरीला बांधलेला धोंडा सोडला.

सकाळ चांगली गेली. दहाच्या सुमाराला पिराजीला एक रोहू लागला आणि तो वर घेताना काहील अशी कलली, की तेंडोलकर मागं रेलून अक्षरशः आडवे झाले. त्यावर दोघे पोट धरून हसले. मग तेंडोलकरांना एक कटला लागला, चांगला दोन किलोचा. एवढा मासा त्यांच्या गळाला नऊ वर्षांत लागला नव्हता. ते लहान मुलासारखे खुलले, पुन्हा पुन्हा गोणपाट उचलून त्याच्याकडं बघू लागले. कचेरीत कुणीकुणी आपल्याला काय म्हणतं, साहेबाच्या पुढं आपल्याला कसं मान खाली घालून उभं राहावं लागतं, घरी मुलगा कसा ऐकत नाही, असलं पूर्वी कधी न बोललेलं ते त्या दिवशी बोलले. पिराजीही बोलला. काठापासून दूर गेलं की माणसाची जीभ सैल होते. पिराजीला त्या सकाळी हा माणूस फार आवडला, आणि म्हणूनच पिशवीतल्या डब्याची त्याला धास्ती वाटायला लागली. डबा उघडलाच नाही आणि परत नेला तर? पण चिमणाबाईला काय सांगणार?

ऊन डोक्यावर आलं. तेंडोलकरांनी एक केळं सोललं, एक पिराजीला दिलं. दोघांनी सालं पाण्यात टाकली.

"केळ्यानं काय होणार, पिराजी? भूक लागली बुवा."

पिराजीनं डबा काढला. मांडीवर घेऊन उघडला. धपाट्यांचा वास आला. "चिमनीनं क्येल्यात," तो म्हणाला. "तिखट न्हाईत. तुमच्या पित्तापायी मिरची कमी घातलीया."

तेंडोलकरांनी डब्याकडं पाहिलं. मग त्यांनी मान वळवून एका काठाकडं पाहिलं, मग दुसऱ्या. गुऱ्हाळाचा धूर सरळ वर जात होता. काठावर एक म्हैस सोडून कुणी नव्हतं. पिराजीला वाटलं, वाऱ्याचा अंदाज घेतायत.

त्यांनी हात पुढं केला आणि एक धपाटं उचललं. चटणी लावून तुकडा तोंडात टाकला, चावला, डोळे मिटले. "पिराजी," ते म्हणाले, "अरे, हे काय आहे!"

मग जे सुरू झालं ते थांबेना. पहिलं गेलं, दुसरं गेलं, तिसरं मोडताना ते म्हणाले की आमच्याकडं यात कांदा घालतात आणि सगळा सत्यानाश करतात. चौथ्याला त्यांनी चटणीचं भांडं बोटानं पुसून घेतलं. पाचवं पिराजीनं आग्रहानं दिलं. नऊ वर्षांत प्रथमच आग्रह करायची पाळी त्याची होती आणि ती त्यानं मनसोक्त करून घेतली. तांब्यातलं पाणी तेंडोलकर घटाघटा प्याले. थर्मासच्या टोपणात चहा ओतला तो आधी त्यांनी घेतला, मग पिराजीनं. पिराजी टोपण विसळायला पाण्याकडं वाकला तर ते म्हणाले, "असू दे रे, ओत तसाच," आणि त्याच टोपणातून आणखी घोटभर प्याले.

पिराजीनं तोंड फिरवून गळाच्या दोरीकडं लक्ष असल्यासारखं केलं. त्याचे डोळे भरून आले होते. एवढ्याशा गोष्टीनं चाळिशीच्या माणसाला रडू यावं याची त्याला लाज वाटली, पण आनंद असा झाला होता की तो लपवता येईना. उगीच या माणसावर संशय घेतला. कदाचित याला खरंच पित्त असेल. कदाचित आपणच नीट आग्रह केला नसेल.

"साहेब," तो म्हणाला, "फुडल्या रविवारी माझी घरभरनी हाय. जेवाय यायाचं. वैनींना, पोरास्नी घेऊन."

"येणार म्हणजे काय! पहिल्या पंगतीला बसणार. आणि वहिनींना सांगून ठेव, धपाटी पाहिजेत."

उरलेली दुपार मासे लागले नाहीत आणि त्याचं दोघांनाही काही वाटलं नाही.

चारच्या सुमाराला काहील काठाला आली तेव्हा गुऱ्हाळाच्या मांडवात ज्ञानूशेजारी एक शहरी गृहस्थ बसलेले दिसले. ते नृसिंहराव, तेंडोलकरांच्याच गल्लीतले, घरापासून चार घरं सोडून राहणारे. वर्षाचा गूळ दरसाल ते इथूनच नेत. गल्लीत कुणाच्या घरी काय शिजलं आणि कुणाकडं कोण येऊन गेलं, याची खबर यांच्यापाशी दुसऱ्या दिवशीच्या पेपराच्या आधी असे. तेंडोलकर उतरले. पिराजी पोटरीभर पाण्यात उभा राहून काहील ओढत होता. डबा आणि थर्मास त्याच्या गळ्यातल्या पिशवीत होते.

"वा, यज्ञेश्वरपंत! दिवसभर तळ्यात? मग जेवणबिवण काय केलंत?" नृसिंहरावांनी विचारलं आणि त्यांची नजर पिराजीच्या पिशवीवर जाऊन परत आली. "की यांच्याच डब्यातलं?"

"छे हो!" तेंडोलकर हसले. हसले ते अगदी सहज, विचार करायलाही थांबले नाहीत. "आमचं कसलं जेवण? उपासच घडला आज. आता घरी जाऊन काय ते."

पिराजीच्या हातातली काहिलीची कड सुटली. काहील दोन हात मागं गेली. तो परत पाण्यात शिरला, तिला धरून आणली आणि या वेळी जरा जास्तच जोर लावून चिखलात चढवली. मग तो वाकून पाय धुवायला लागला. पाय स्वच्छ झाले तरी धूतच राहिला, कारण मांडवाकडं तोंड करायची त्याची इच्छा नव्हती.

उपास घडलेल्या माणसाला गुऱ्हाळावर कोण तसं सोडतो? ज्ञानूनं गरम गूळ आणला, रसाचा मोठा पेला भरला, बायकोला सांगून पोहे करायला लावले. नृसिंहराव म्हणाले, खा, सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. पाच धपाट्यांवर तेंडोलकरांनी ते सगळं ढकललं. कपाळावर घाम आला, पण "पुरे" म्हणायची सोय राहिली नव्हती. "पावनं, तुमी बी घ्या की," ज्ञानू पिराजीला म्हणाला. पिराजी म्हणाला, "माझं पोट भरलंय. म्या जेवलोय." हे तो जरा मोठ्यानं बोलला. तेंडोलकर रसाच्या पेल्यात बघत होते.

परतीच्या यष्टीत नृसिंहरावांनी रुमाल टाकून तेंडोलकरांसाठी जागा धरली होती. पिराजी मागं, माशांचं गोणपाट पायाशी घेऊन उभा राहिला. त्याला राग यावा असं त्याला फार वाटत होतं, पण राग येत नव्हता. नुसतं वाईट वाटत होतं, आणि दिवस इतका चांगला गेला होता म्हणून जास्तच वाटत होतं. तेंडोलकरांनी डबा नाकारला असता तर बरं झालं असतं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

स्टँडवर नृसिंहराव रिक्षा बघायला पुढं गेले, तसे तेंडोलकर लगबगीनं मागं आले. त्यांनी कटला उचलला आणि पिराजीच्या गोणपाटात घातला. "हा तुम्हीच न्या. मुलांना होईल." काहिलीतला 'तू' आता 'तुम्ही' झाला होता. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पिराजी, मनावर घेऊ नका. तो माणूस कसा आहे तुम्हाला माहीत नाही, सगळ्या गल्लीत दवंडी पिटली असती. मला त्या लोकांत राहायचंय. धपाटी मात्र अप्रतिम होती. वहिनींना आठवणीनं सांगा."

"सांगतो की."

"आणि रविवारचं... मी सकाळी लौकर येऊन जातो. मंडळी जमायच्या आधी. म्हणजे निवांत बोलताही येईल. जेवणाचं काय, एक डबा भरून दिलात तरी मला पोचलं."

त्यांनी पिराजीचा दंड दाबला. त्यात खोटं काही नव्हतं, हे पिराजीला कळलं. हा माणूस त्याला जीव लावत होता आणि तो जीव चारचौघांच्या नजरेपलीकडं नेऊनच लावता येत होता. पिराजी "बरं" म्हणाला आणि चालायला लागला.

घरी दिवेलागण झाली होती. चिमणाबाई दारातच होती. तिनं पिशवीतून डबा घेतला आणि झाकण काढलं. तळाशी एक धपाटं राहिलं होतं.

"किती खाल्ली?"

"पाच."

"तुमी न्हवं, त्येंनी."

"त्येंनीच पाच."

"पानी?"

"पानी बी. च्या बी घेतला, माझ्या उष्ट्या पेल्यातनं. इसळू दिला न्हाय."

चिमणाबाई डबा घेऊन खाली बसली. तिच्या तोंडावर असं हसू आलं की ती एकदम दहा वर्षांनी लहान दिसायला लागली. "म्या उगंच बोलले वो त्या मानसाला," ती म्हणाली. "मग? सांगितलं न्हवं घरभरनीचं? जेवनार न्हवं पंगतीत?"

"सांगितलं. येतो म्हनालेत," पिराजी म्हणाला. तो भिंतीला टेकून बसला होता. "जेवतील बी. पंगत तेवढी तळ्यात मांडाय लागंल."

तिला आधी काही कळेना. मग पिराजीनं काठावरचं सांगितलं, यष्टीतलं सांगितलं, स्टँडवरचंही सांगितलं. काही लपवलं नाही आणि काही लावूनही सांगितलं नाही. चिमणाबाईचं हसू हळूहळू गेलं. तिनं डब्याला झाकण लावलं.

"आता?" तिनं विचारलं. "नगं यिऊ म्हनून सांगायचं?"

"न्हाय. बोलावलंय, त्ये बोलावलंय."

"आनि लौकर आलं म्हंजे? डबा मागितला म्हंजे?"

पिराजीनं थोडा विचार केला. आयुष्यात पहिल्यांदाच तो बायकोच्या आधी ठरवत होता.

"डबा द्यायाचा न्हाय," तो म्हणाला. "पंगतीत बसला, तर वाढायचं."

चिमणाबाईनं मान हलवली. मग तिनं विळी पुढं ओढली आणि मासे कापायला घेतले.